नर्सबाईंच्या कपाटातला फवारा

दिवाळी अंकासाठी लिहायला बसले की पहिला विचार मनात येतो तो वाचकांच्या पुढ्यातल्या फराळाचा. अंक कुणी एकट्याने वाचीत नाही. तो घरभर फिरतो. आजोबा चष्मा पुसून तो हाती घेतात, सूनबाई करंज्या तळता तळता चाळते, आणि पाडव्यापर्यंत तो धाकट्याच्या तावडीत सापडून मुखपृष्ठाला मुकतो. अशा अंकात विषाची आणि मरणाची गोष्ट काढावी का, हा संकोच मला आहेच. परंतु विषय मुलांचा आहे, शाळेचा आहे, आणि माझी सारी उमेदीची वर्षे फळ्यापुढे गेलेली आहेत. तेव्हा वाचकांनी चकली बाजूला ठेवू नये, पण कान मात्र इकडे द्यावा.

प्रश्न अमेरिकेतला आहे. तिथल्या बहुतेक मोठ्या शाळांत एक परिचारिका असते. गुडघा फुटला, पोट दुखले, दम्याने श्वास कोंडला की मूल तिच्या खोलीत जाते. आपल्याकडे शाळेला शिपाई असतो तशी तिथे नर्सबाई असते म्हणा ना. या नर्सबाईंच्या कपाटात अलीकडे एक नवे औषध येऊन बसले आहे. अफूच्या जातीचे एखादे द्रव्य मात्रेबाहेर पोटात गेले आणि मूल निळे पडू लागले, तर त्याच्या नाकात मारायचा हा फवारा. औषधाचे नाव नॅलोक्सोन. ते शाळेने ठेवावे का, नर्सबाईंनी द्यावे का, आणि शाळेने ते ठेवले म्हणजे मुलांना काय सांगितल्यासारखे होते, यावर तिथे दहा वर्षे वाद चालला आहे.

मला हे कळले ते माझ्या मावसबहिणीकडून. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते. एडिसन म्हणजे जिथे गणपतीत आरतीला टाळ वाजतात आणि दुकानात कांदापोह्यांचे पोहे मिळतात असे गाव. तिचा मुलगा हायस्कूलला गेला आणि शाळेकडून पालकांना एक सूचनापत्र आले: आमच्या शाळेत हे औषध ठेवलेले आहे. न्यू जर्सीने २०१८ साली कायदाच केला आहे की प्रत्येक हायस्कूलने ते ठेवले पाहिजे. पत्र वाचून बहिणीने मला फोन केला. "ताई, हे म्हणजे शाळेने कबूलच केलं की इथली पोरं असलं काही घेतात! आपली पोरं त्या वाटेला तरी जातात का गं?" तिचा आवाज रागाचा होता, पण रागाच्या खाली भीती होती. आईचा राग बहुधा असाच असतो.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रसायनशास्त्राशी माझी ओळख गंधकाच्या वासापुरती. पण फोन ठेवल्यावर मी या विषयाचे मिळेल ते वाचू लागले आणि वाचता वाचता जे समजले ते साध्या शब्दांत सांगते. आपल्या मेंदूत काही जागा अशा आहेत की अफू, मॉर्फिन, हेरॉइन ही द्रव्ये तिथे जाऊन किल्लीसारखी बसतात. वेदना थांबतात, सुख वाटते; पण मात्रा अधिक झाली की श्वास घ्यायचा आहे ही आठवणच शरीराला राहत नाही. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही. तो झोपतो आणि झोपेत त्याचा श्वास विरळ होत होत बंद पडतो. नॅलोक्सोन त्याच कुलपात अधिक घट्ट बसणारी किल्ली आहे. ती येते, आधीची किल्ली ढकलून देते आणि स्वतः काहीच उघडीत नाही. दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो. तिचा अंमल मात्र अर्धा ते दीड तासच टिकतो. विष त्याहून चिवट असले तर माणूस पुन्हा बुडू लागतो. म्हणून फवारा मारायचा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायचीच, हे या औषधाच्या वापरातले अर्धे शास्त्र आहे. दुसरी गोष्ट अशी की ज्याच्या अंगात अफूचा अंशही नाही त्याला हा फवारा चुकून मारला तरी बहुधा काही होत नाही. ज्याची नशा चढत नाही, चटक लागत नाही, आणि चुकीच्या माणसाला दिले तरी जे सहसा अपाय करीत नाही, असे औषध वैद्यकात विरळाच.

या औषधाच्या जन्माची कथा एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर संपादकांनी ती 'फार जुळवून आणलेली' म्हणून परत पाठवली असती. जॅक फिशमन हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. नाझींच्या भयाने त्यांच्या कुटुंबाने देश सोडला, ते शांघायला गेले आणि पुढे अमेरिकेत आले. न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत काम करीत असताना मोझेस लेवेनस्टाइन यांच्यासह त्यांनी १९६१ साली या औषधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७१ साली सरकारने त्याला मान्यता दिली. पुढची कित्येक दशके ते इस्पितळांत आणि रुग्णवाहिकांत राहिले. सामान्य माणसाच्या हाती आले नाही. आणि २००३ साली फिशमन यांच्या सावत्र मुलाचा हेरॉइन मात्रेबाहेर घेतल्याने अंत झाला. ज्याने उतारा शोधला त्याच्या घरातले मूल उताऱ्यावाचून गेले. औषध जगात होते, पण जिथे हवे त्या खोलीत नव्हते. माझ्या मते या साऱ्या वादाचे मूळ या एका घटनेत आहे.

आता शाळांचा संबंध कुठे येतो ते पाहू. १९५९च्या सुमारास बेल्जियममधल्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत फेंटानिल नावाचे वेदनाशामक तयार झाले. मॉर्फिनच्या शंभरपट तीव्र. शस्त्रक्रियेत ते आजही फार उपयोगी आहे. त्या द्रव्यावर माझा राग नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत ते चोरट्या कारखान्यांत बनू लागले आणि हुबेहूब औषधाच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत मिसळले जाऊ लागले. पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढे, दोन मिलिग्रॅम, माणसाला पुरे होते. परीक्षेच्या काळजीने झोप येत नाही, पाठ दुखते, मित्राने दिली, मोबाइलवर कुणाकडून मागवली, अशी एक गोळी, आणि तिच्यात हे. ती गोळी घेणाऱ्या मुलाला आपण फेंटानिल घेतो आहोत हे ठाऊकही नसते.

अमेरिकेत चौदा ते अठरा वयाची जी मुले कुठलीही मादक द्रव्ये मात्रेबाहेर गेल्याने दगावली त्यांची संख्या २०१९ साली ४९२ होती. २०२० साली ती ९५४ झाली आणि २०२१ साली १,१४६. आकडे वाचून कुणालाही वाटेल की मुले दुपटीने व्यसनी झाली. पण तसे झालेले नाही. शाळकरी मुलांची जी पाहणी तिथे दरवर्षी होते तिच्यात व्यसनाचे प्रमाण त्या काळात वाढलेले दिसत नाही, उलट उतरलेलेच दिसते. मुले तीच, त्यांचा उनाडपणा पूर्वीइतकाच किंवा थोडा कमी. फक्त उनाडपणाची किंमत वाढली. पूर्वी ज्या चुकीला ओकारी आणि आईच्या हातचा मार एवढीच शिक्षा होती, तिला आता देहदंड आहे.

२०२२च्या जानेवारीत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात तेरा वर्षांचा एक मुलगा शाळेतच कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. त्या शाळेत हा फवारा नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात लॉस एंजेलिसमध्ये एका हायस्कूलच्या स्वच्छतागृहात पंधरा वर्षांची मुलगी रात्री मृतावस्थेत सापडली. वेदनाशामक समजून घेतलेली गोळी निघाली फेंटानिलची. त्यानंतर काही दिवसांतच त्या शहराने आपल्या सगळ्या शाळांत हे औषध ठेवण्याचे जाहीर केले. मुलांची नावे मी लिहीत नाही. ती त्यांच्या आईबापांची आहेत.

इतके असूनही विरोध करणारे सारे दगडाच्या काळजाचे आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांचा पहिला आक्षेप असा: उतारा हाताशी आहे म्हटल्यावर विषाची भीती राहणार नाही. मेन राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर पॉल लपाज यांनी २०१६ साली या औषधाच्या प्रसाराचा एक कायदा नाकारताना लिहिले होते की नॅलोक्सोन प्राण वाचवीत नाही, पुढच्या वेळेपर्यंत आयुष्य तेवढे लांबवते. विधिमंडळाने त्यांचा नकार फिरवला. पण त्यांचे म्हणणे मला फार दिवस सतावीत राहिले. कारण एका अर्थी ते खरेच आहे. आयुष्य लांबवण्यापलीकडे कुठले औषध काय करते? सावित्रीने यमाकडून सत्यवानाला परत आणले ते काय अमरपट्टा बांधून? चारशे वर्षे आयुष्य मिळाले तरी तीही लांबवलेलीच. वडाला फेऱ्या घालताना आपण कुणी असे म्हणत नाही की एवढी यातायात कशाला, शेवटी तो जायचाच होता. हा विचार फक्त व्यसनी माणसाच्या बाबतीत सुचतो आणि म्हणूनच तो मला संशयास्पद वाटतो.

तरीही भीती उरतेच, की उताऱ्यामुळे लोक निष्काळजी होतील. जेनिफर डोलिअॅक आणि अनिता मुखर्जी या दोन अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी आकडेवारीच्या आधारे असे मांडले की ज्या राज्यांनी हे औषध सुलभ केले तिथे या द्रव्यांपायी इस्पितळात येणाऱ्यांची संख्या वाढली आणि मृत्यू मात्र एकंदरीने घटले नाहीत. त्यांच्या लेखावर २०१८ साली मोठे काहूर उठले. त्यांनी प्रश्न विचारला यात गैर काहीच नाही. विचारायलाच हवा होता. पण एक साधी गोष्ट शाळामास्तरणीच्याही ध्यानात येते: जो वाचतो तोच इस्पितळात जातो, मेलेला जात नाही. इस्पितळातली गर्दी वाढली हे दुःखाचे चिन्ह की सुखाचे, ते आकडा सांगत नाही. शिवाय किशोरवयीन मुलांपुरता तपास ज्यांनी पुढे केला त्यांना असल्या कायद्यांमुळे मुले हेरॉइनकडे अधिक वळल्याचे दिसले नाही. आणि मुळात चौदा वर्षांचा मुलगा मित्राने पुढे केलेली गोळी घेताना नर्सबाईंच्या कपाटाचा हिशेब करतो, ही कल्पना ज्याने वर्गात चाळीस मुलांपुढे कधी एक तास काढला नाही त्यालाच सुचावी. त्या वयात हिशेब असता तर आम्हा शिक्षकांना कामच उरले नसते. आणखी एक. या औषधाने शुद्धीवर येणे सुखाचे नसते. सवय जडलेल्या माणसाला उलट्या, थरथर, घाम, अंगभर कळा अशा अवस्थेत ते परत आणते. कुणी त्याच्या भरवशावर मौज करील हे संभवत नाही.

दुसरा आक्षेप कुणी उघड बोलून दाखवीत नाही, पण माझ्या बहिणीच्या तोंडून तो सहज निघून गेला: शाळेने कबूलच केले! हा आक्षेप मला फार ओळखीचा आहे. शाळेचे नाव! मुख्याध्यापकांच्या खोलीत या दोन शब्दांपुढे भलेभले युक्तिवाद नांगी टाकतात. औषध ठेवले म्हणजे रोग आहे असे म्हटल्यासारखे होते. म्हणून औषध नको. वास्तविक घरात विंचवाचे औषध ठेवणारा माणूस विंचू पाळतो असे कुणी म्हणत नाही. पण प्रतिष्ठेचे तर्कशास्त्र निराळे.

पूर्वी मी एका शाळेत होते. तिथे प्रथमोपचाराची पेटी होती, पांढरी, वर तांबडी फुली. तपासणीच्या दिवशी ती टेबलावर येई आणि साहेबांची पाठ फिरली की पुन्हा कुलपात जाई. किल्ली हेडक्लार्कांच्या जानव्याला. एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगा घसरून पडला आणि त्याची भुवई फाटली. हेडक्लार्क त्या दिवशी रजेवर. कुलूप दगडाने फोडले तेव्हा आत पिवळा पडलेला कापूस, सुकून गेलेली आयोडीनची बाटली आणि गेल्या तपासणीचा शेरा निघाला: 'पेटी समाधानकारक.' मुलाला आम्ही पदर फाडून बांधले. त्याचे काही बिघडले नाही, चार टाके पडले. पण तेव्हापासून 'औषध ठेवलेले आहे' हे वाक्य वाचले की मी विचारते, कुठे ठेवले आहे आणि किल्ली कुणाकडे आहे?

हा प्रश्न अमेरिकेतही तितकाच लागू आहे. लॉस एंजेलिसची ती मुलगी रात्री सापडली. नर्सबाईंच्या कपाटात फवारा असता तरी त्या वेळी नर्सबाई घरी असत्या. तिकडे कित्येक शाळांत पूर्णवेळ परिचारिकाच नाही. एक बाई आठवडाभर चार शाळा हिंडते. श्वास थांबल्यावर मेंदूला मिनिटे मिळतात, तास नव्हेत. म्हणून कपाटात ठेवलेले औषध ही शाळेची पुण्याई, आणि हाताशी असलेले औषध हा मुलाचा प्राण. या दोहोंत फरक आहे. कायदे करणाऱ्यांना पहिले पुरेसे वाटते, कारण ते मोजता येते.

तिसरा आक्षेप परिचारिकांचा आणि शिक्षकांचा स्वतःचा आहे आणि तो मी सर्वांत आदराने ऐकते. आम्ही शिकवायला आलो. आता प्राणही आम्हीच वाचवायचे का? जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, खिचडी आम्ही, हे गाऱ्हाणे आपल्याकडच्या शिक्षकाला समजावून सांगायला नको. त्यात फवारा मारूनही मूल गेले तर? आईबाप कोर्टात ओढतील. आणि कोर्टाने सोडले तरी रात्री अंथरुणावर कोण सोडणार? तिथल्या कायद्यांनी एका भयाची सोय केली आहे. न्यू जर्सीत सद्हेतूने औषध देणाऱ्यावर खटला चालत नाही. मुख्य जबाबदारी नर्सबाईंची, आणि बाकीच्यांपैकी जे स्वखुशीने पुढे येतील आणि शिकून घेतील त्यांचीच नेमणूक करायची. ही 'स्वखुशी' मला महत्त्वाची वाटते. शाळेवर औषध ठेवण्याची सक्ती असावी. ड्रॉइंगच्या मास्तरांवर ते देण्याची सक्ती नसावी. संस्थेला कर्तव्य घालून देता येते, धैर्य माणसाच्या मनातून यावे लागते. परिचारिकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ सालीच सांगितले होते की हे औषध शाळेच्या आणीबाणीच्या तयारीत असावे. त्या बायांनी ओझे टाळले नाही, मागून घेतले.

या सगळ्या आक्षेपांच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुणी आक्षेप म्हणून मांडीत नाही, कारण मांडली तर ऐकवणार नाही. ती अशी, की हे त्याने स्वतः ओढवून घेतले. अमेरिकेच्या शाळांत ॲलर्जीवरचे इंजेक्शन आधीपासून असते. शेंगदाण्याचा कण पोटात गेला आणि घसा बंद झाला की नर्सबाई ते मांडीत टोचते. शाळांनी ते ठेवावे म्हणून केंद्र सरकारने २०१३ साली उत्तेजनार्थ कायदा केला आणि तेव्हा कुणी म्हटले नाही की याने मुले शेंगदाण्याला सोकावतील. दोन्हीकडे मूल निळे पडते, दोन्हीकडे मिनिटे मोजायची असतात, दोन्हीकडे औषध सोपे आहे. फरक एवढाच की एका मुलाचा दोष नाही आणि दुसऱ्याचा आहे, असे आपण समजतो. बनावट गोळीने फसवलेल्या मुलाचा दोष कितीसा, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. समजा पुरता दोष आहे. मग?

आमच्या कोकणात पावसाळ्यात मूल लाकडांच्या ढिगात हात घालते. दहादा बजावलेले असते. फुरसे चावते. आई एका हाताने त्याच्या पाठीत धपाटा घालते आणि दुसऱ्याने त्याला उचलून सरकारी दवाखान्याकडे धावते. धपाटाही खरा आणि धावणेही खरे. दवाखान्यातला डॉक्टर सर्पदंशाची लस टोचण्यापूर्वी 'बजावले होते की नाही' असे विचारीत नाही. बुद्धाने सांगितलेली बाण लागलेल्या माणसाची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. बाण कुणी मारला, तो कुठल्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळल्यावाचून बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस उत्तरे मिळण्याआधीच मरतो. त्या गोष्टीत हट्ट जखमी माणसाचा आहे. इथे हट्ट भोवती उभ्या असलेल्यांचा आहे, एवढाच फरक. दोषाचा निवाडा करू नये असे मी म्हणत नाही. तो करायला दोषी जिवंत लागतो.

आणि दोषाचाच हिशेब मांडायचा तर तो मुलांपासून का सुरू करावा? १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी बाजारात आणली आणि चटक लागण्याचा धोका कमी असल्याचे सांगून ती खपवली. दोनदा, २००७ आणि २०२० साली, या मालाच्या संदर्भात कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी, ती आवळली गेल्यावर हेरॉइन, त्यानंतर फेंटानिल, अशी ती उतरंड आहे. ती रचली थोरांनी आणि तिच्या तळाशी येऊन बसली दहावी-अकरावीची मुले. आपणही फार शहाजोगपणा करू नये. मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळी बारा-बारा तासांची होती आणि मूल सांभाळायला कुणी नव्हते.

एक शंका मात्र मला खरोखर छळते. फवारा मारला, मूल उठून बसले, रुग्णवाहिकेतून गेले. पुढे? शाळा त्याला काढून टाकणार असेल, तर पुढच्या खेपेला त्याचा मित्र नर्सबाईंकडे धावत येईल का? दहा ते एकोणीस वयाच्या ज्या मुलांचा २०१९च्या मध्यापासून २०२१च्या अखेरीपर्यंत असा अंत झाला, त्यांच्या नोंदी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याने तपासल्या. जवळजवळ दोनतृतीयांश मुलांच्या आसपास त्या वेळी कुणी ना कुणी होते आणि बहुतेकांनी काही केले नाही. काहींना तो झोपला आहे असे वाटले असेल. काही घाबरले असतील. हे वाचले त्या रात्री मला वर्गातली मुले दिसत राहिली. एकाच बाकावर बसणारी, डबा वाटून खाणारी, आणि एकाने काच फोडली तर 'ठाऊक नाही, बाई' असे एका सुरात सांगणारी. मित्राचे नाव न सांगणे हा त्यांचा धर्म असतो. आपणच त्यांना शिक्षेच्या भयाने तो शिकवलेला असतो. मदतीला धावणाऱ्यावर कारवाई होणार नाही असे कायदे बहुतेक राज्यांनी केले, न्यू जर्सीने २०१३ सालीच केला. पण शाळेची शिस्त कायद्याहून जुनी आणि हट्टी असते. नर्सबाईंच्या कपाटात फवारा आणि मुख्याध्यापकांच्या खानात दाखला, अशी दोन्ही खणांची तयारी ठेवणारी शाळा उजव्या हाताने देऊन डाव्या हाताने काढून घेते. शिक्षा अजिबात नको असे नव्हे. पण ती समुपदेशकाच्या खोलीतून जावी, फाटकातून बाहेर नव्हे.

२०२३ साली हे औषध अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळू लागले. दोन फवाऱ्यांची पेटी सुमारे पंचेचाळीस डॉलरला. माझ्या बहिणीने ती घेतली. अजूनही तिला शाळेचे पत्र आवडलेले नाही. पेटी तिने स्वयंपाकघरात आयोडेक्स आणि हिंगाष्टकाच्या शेजारी ठेवली आहे आणि मुलाला काय सांगायचे ते तिला सुचत नाही. मी म्हटले, "तू नर्सबाईंकडे जा, त्या शिकवतील." ती म्हणाली, "नर्सबाई म्हणजे एक मल्याळी बाई आहे गं. तिच्यापुढे जायला लाज वाटते. ती काय समजेल?" मी हसले, पण तिची लाज मला समजली. परक्या देशात चार घरांत नाव राखून राहणाऱ्या माणसांना ती अधिकच जड असते.

२०२४ साली त्या देशात सर्व प्रकारची मादक द्रव्ये मात्रेबाहेर गेल्याने मरणाऱ्यांची एकूण संख्या लाखावरून सुमारे ऐंशी हजारांवर आली. कारणे अनेक सांगतात; जागोजागी पोचलेला हा फवारा त्यांपैकी एक. तेव्हा परिचारिकेने तो ठेवावा का आणि द्यावा का, या प्रश्नापुरते माझे उत्तर होय असेच आहे.

मात्र तिकडे प्रश्न आता पुढे सरकला आहे. कोलोरॅडो राज्यातल्या डुरँगो गावी फेंटानिलने आपला सोबती गमावलेल्या हायस्कूलच्या मुलांनी मागणी केली की फवारा नर्सबाईंच्या कपाटात नको, आमच्या दप्तरात हवा. ती शाळेच्या मंडळाकडे गेली, मग राज्याच्या विधिमंडळाकडे गेली आणि २०२४ साली त्या राज्याने विद्यार्थ्यांना हे औषध जवळ बाळगण्याची मोकळीक देणारा कायदा केला. इथे मात्र माझी लेखणी अडते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात कंपासपेटी असावी, लोणच्याची बाटली सांडलेली असावी, मैत्रिणीची चिठ्ठी असावी. त्यात मैत्रिणीचा प्राण असावा, हे ओझे आपण थोरांनी तिच्या खांद्यावर जाऊ द्यावे का? आणि देऊ नये म्हणावे, तर स्वच्छतागृहात, मैदानाच्या कोपऱ्यात, रात्रीच्या मेळाव्यात तिच्या शेजारी आपल्यापैकी कोण असते? मी हे माझ्या वर्गात, अमेरिका न सांगता, विंचवाचे उदाहरण घेऊन विचारून पाहिले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती एरवी कधी बोलत नाही. म्हणाली, "बाई, औषध आमच्याकडे द्या. पण कसं द्यायचं ते आधी शिकवा."